अमेरिकेच्या विद्यापीठानं आधी एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) म्हटलं, आता जे-वन (देवाणघेवाणीचा व्हिसा) घ्या म्हणून राहिले. काय करू?

कपाशीवाला_हिंगणघाट

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहून राहिलो आहे. लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी नागपुरात मनीषनगरला राहतो, मूळ गाव हिंगणघाटजवळ, घरची कोरडवाहू कपाशी आहे. पीएचडी कीटकशास्त्रात केली अन् गेली चार वर्षं इथेच कंत्राटी प्रोजेक्टवर आहे, दर मार्चला प्रोजेक्ट वाढते की नाही याची वाट पाहायची. विषय गुलाबी बोंडअळी. हा विषय मी पुस्तक वाचून घेतला नाही. २०१७ साली आमच्या वावरात बाबांनी वरून हिरवंगार, टणक दिसणारं बोंड हातानं फोडून माझ्यासमोर धरलं, आत कापूस कवडी झालेला अन् एका कप्प्यात ती अळी वळवळत होती, अन् बाबा एक शब्द बोलले नाहीत, पुढच्या झाडाचं बोंड तोडलं, तेही तसंच. अमेरिकेनं हीच अळी आपल्या कापसातून संपवल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. बीटी कपाशी, कामगंध सापळे, विमानातून सोडलेले वंध्य पतंग, सगळं मिळून अनेक वर्षं धरून ठेवलं तेव्हा ते जमलं. मला ते काम त्याच लोकांकडून शिकायचं आहे.

तर मागच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ च्या, तिकडच्या एका सरकारी विद्यापीठातून असिस्टंट रिसर्च सायंटिस्टची ऑफर आली, तीन वर्षं, वर्षाला ६२ हजार डॉलर, पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की विद्यापीठ एच-वन-बी स्पॉन्सर करेल. घरी पेढे वाटून झाले. मग ऑक्टोबरमध्ये प्रोफेसरांचा मेल की नवीन नियमामुळे डिपार्टमेंटला एक लाख डॉलर भरणं शक्य नाही, जे-वनवर येता का. माणूस चांगला आहे, मेलमध्ये दोनदा सॉरी म्हटलं.

आता माझ्या मनात काय काय आहे ते सांगतो. एक तर सगळे म्हणतात जे-वन म्हणजे संपल्यावर दोन वर्षं भारतात परत येऊन राहावंच लागते, मग पुढचं सगळं बंद. दुसरं, बायको मिहानमध्ये आयटीत आहे, तिची नोकरी सुटली तर तिथे तिला काम करता येईल का, मुलगी चार वर्षांची आहे. तिसरं, मी स्वतःच एच-वन-बीचे पैसे भरले तर चालते का, म्हणजे एक लाख डॉलर नाही हो, ते तर नव्वद लाखांच्या आसपास जातात, वावर विकूनही होणार नाही, पण बाकीचा वकिलाचा वगैरे खर्च. अन् चौथं, इथले आमचे साहेब म्हणून राहिले की भारत सरकारची एक परदेशी फेलोशिप आहे, पहिल्या वर्षाचा खर्च त्यातून निघेल, तिकडच्या प्रोफेसरवर भार कमी, तू अर्ज टाक. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली आहे. टाकू का?

धरमपेठची_लेक

भाऊ, आधी मनापासून अभिनंदन. मी मूळ धरमपेठची, अकरा वर्षं झाली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात आहे, बाहेरून येणाऱ्या संशोधकांच्या फायली हेच माझं रोजचं काम. मी वकील नाही एवढं लक्षात ठेवून वाच.

पहिली गोष्ट, स्पॉन्सर हा शब्द. आपल्याकडे तो कुणी लग्नाचा खर्च उचलल्यासारखा वापरतात. एच-वन-बीत अर्जदार तू नसतोस, विद्यापीठ असतं. विद्यापीठ सरकारला सांगतं की हे पद आमचं आहे, त्याला अमुक विषयाची पदवी लागते, हा माणूस आम्हाला हवा आहे अन् त्याला इतका पगार देऊ. त्यामुळे तुझ्या प्रोफेसरांनी हो म्हटलं म्हणजे झालं असं नसते. प्रोफेसर डिपार्टमेंटला सांगतात, डिपार्टमेंट आमच्याकडे येतं, आम्ही आधी पगार पाहतो. त्या भागात त्या कामाला जो चालू दर आहे तो, किंवा त्याच विद्यापीठात तसंच काम करणाऱ्याला जे मिळते ते, दोन्हींतलं जास्त असेल तेवढं द्यावंच लागते. मग तिथल्या कामगार खात्याकडे एलसीए, म्हणजे पगार अन् कामाच्या अटींचा अर्ज, जातो, त्याला सात कामकाजाचे दिवस. त्याची नोटीस कामाच्या जागी दोन ठिकाणी दहा दिवस लावावी लागते, मी स्वतः लॅबच्या मजल्यावर कॉफी मशीनच्या वरच्या बोर्डावर टाचण्या मारून ते कागद लावले आहेत, पद, पगार सगळं त्यावर असते, येणारजाणारा वाचू शकतो. कुणाला बाहेरून स्वस्तात आणून इथल्याचा पगार पाडू नये म्हणून हे आहे, अन् मला ते बरोबर वाटते. त्यानंतर प्रोफेसरांनी लिहून द्यायचं की लॅबमध्ये तुला जी उपकरणं अन् तंत्रं दाखवणार ते बाहेरच्या देशाच्या माणसाला दाखवायला सरकारचा परवाना, म्हणजे एक्स्पोर्टचं लायसन्स, लागते की नाही. मग कुठे आय-१२९ हा मुख्य अर्ज.

यात विद्यापीठांना एक मोठी सवलत आहे, लॉटरी नाही. कंपन्यांसाठी ६५ हजार अन् अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी वरचे २० हजार हा जो कोटा आहे त्याच्या बाहेर विद्यापीठं आहेत, वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. कंपन्यांना ट्रेनिंगची जी वेगळी फी पडते तीही उच्च शिक्षण संस्थांना माफ. म्हणजे पूर्वी सरकारी फी मिळून हजार-बाराशे डॉलरच्या घरात काम व्हायचं, पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर हवं असलं तर प्रीमियमची फी वेगळी, २०२४ मध्ये ती २,८०५ डॉलर होती. ऑगस्टमध्ये तुला पत्र देणाऱ्याच्या डोक्यात हाच हिशोब होता.

मग १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा आला. २१ सप्टेंबरपासून, जो माणूस अमेरिकेच्या बाहेर आहे अन् ज्याच्याकडे चालू एच-वन-बी व्हिसा नाही त्याच्यासाठी नवीन अर्ज करायचा तर एक लाख डॉलर. लॉटरीतून सुटलेली विद्यापीठं यातून सुटली नाहीत. राष्ट्रहिताचा अपवाद आहे पण तो फारच क्वचित मिळेल असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तुझा पगार ६२ हजार, म्हणजे नुसत्या या एका भरण्यात तुझ्या दीड वर्षापेक्षा जास्त पगार गेला, कोणत्या प्रोफेसरच्या ग्रँटमध्ये ही सोय असते सांग. त्यांनी तुला फसवलं नाही. आमच्याकडे त्या आठवड्यात ऑफिसातले फोन थांबत नव्हते, एक मॅडम डिपार्टमेंटमधून खाली येऊन माझ्या टेबलासमोर रडल्या कारण त्यांनी निवडलेली मुलगी तिच्या देशात सामान बांधून बसली होती.

आता तुझा तिसरा प्रश्न, पैसे मी भरतो. नाही. अर्जाची फी अन् त्यासाठीच्या वकिलाचा खर्च नोकरी देणाऱ्यानंच करायचा असतो, तुझ्याकडून घेतला तर तो तुझ्या पगारातून कापल्यासारखा धरतात अन् चालू दराच्या खाली गेलं की विद्यापीठच अडचणीत येते. प्रीमियमची फी तेवढी, तुझ्या स्वतःच्या घरगुती कारणासाठी घाई असली तर, तू भरू शकतोस. कुणी तुला म्हटलं की सगळे पैसे तू दे आम्ही कागद करतो, तर तिथून उठून यायचं.

जे-वनबद्दल दुसऱ्या पोस्टमध्ये लिहिते, इथे आता रात्रीचे साडेअकरा झाले.

वर्धारोड_वाला

जाऊच नका म्हणतो मी. इतका अपमान सहन करून कशाला जायचं, बोंडअळी तिकडे संपली, इकडे आहे, काम इकडे आहे. विदर्भात तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत तर कोण राहील.

आई_प्रतापनगर

माझी मुलगी तिकडे विद्यापीठातच आहे म्हणून लिहिते. तिनं तिथेच मास्टर्स केलं, नंतर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, त्याच लॅबमध्ये लागली, अन् नोव्हेंबरमध्ये तिचं एच-वन-बी झालं, एक लाख वगैरे काही लागलं नाही. आम्ही पण घाबरून गेलो होतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसायचो, पण तिच्या ऑफिसनं सांगितलं की ती आत आहे, आतल्या आत स्टेटस, म्हणजे तिथे राहायचा प्रकार, बदलते म्हणून लागत नाही. तेव्हा आत असणाऱ्याला एक अन् बाहेर असणाऱ्याला एक असं आहे ते, हे तुमच्या कामाचं असेल तर पहा.

धरमपेठची_लेक

काकू बरोबर सांगून राहिल्या, अन् हाच मुद्दा आहे. २० ऑक्टोबर २०२५ ला इमिग्रेशन खात्यानं खुलासा केला की अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्याचं स्टेटस आतल्या आत एच-वन-बीत बदललं अन् ते मंजूर झालं तर हा भरणा लागत नाही, नंतर तो माणूस भारतात येऊन त्याच मंजुरीवर शिक्का मारून परत गेला तरी लागत नाही. म्हणजे आज तुझ्या अन् एच-वन-बीच्या मध्ये जे उभं आहे ते एवढंच की तू मनीषनगरला बसून आहेस. जे-वनवर आत गेलास, वर्ष-दोन वर्षं काम केलंस, मग विद्यापीठानं ठरवलं तर आतून बदलता येते. नियम तोपर्यंत बदलणार नाहीत याची खात्री कुणी देऊ शकत नाही, पण आजचा रस्ता हा आहे.

फक्त एक अट. तुझ्यावर दोन वर्षांची अट लागलेली नसावी. सगळे म्हणतात जे-वन म्हणजे दोन वर्षं परत, ते अर्धंच खरं आहे. ती अट तीन कारणांनी लागते. सरकारच्या पैशावर गेलास तर, मग ते अमेरिकेचं सरकार असो की आपलं. डॉक्टर म्हणून वैद्यकीय प्रशिक्षणाला गेलास तर. किंवा तुझा विषय तुझ्या देशाच्या स्किल्स लिस्टमध्ये, म्हणजे त्या देशाला स्वतःला लागणाऱ्या कौशल्यांच्या यादीत, असला तर. भारताचं नाव त्या लिस्टमध्ये वर्षानुवर्षं होतं, विषयही भरपूर होते, म्हणून आपल्या लोकांत ही समजूत पक्की बसली. पण ९ डिसेंबर २०२४ पासून नवीन लिस्ट लागू झाली त्यात भारत नाहीच. लिस्टमुळे जुने लोक अडकले होते तेही सुटले.

आता तुझा चौथा प्रश्न परत वाच. साहेब म्हणतात भारत सरकारची फेलोशिप घे. भाऊ, ती घेतलीस तर जी अट तुझ्यावर नव्हती ती तू स्वतःच्या हातानं लावून घेशील. ती लागली की दोन वर्षं भारतात राहिल्याशिवाय किंवा माफी मिळवल्याशिवाय एच-वन-बी मिळणार नाही, ग्रीन कार्डही नाही. प्रोफेसरांच्या ग्रँटमधून पगार मिळाला, ती ग्रँट तिकडच्या सरकारी संस्थेची असली, तरी सहसा अट लागत नाही, कारण तो पैसा संशोधनासाठी विद्यापीठाला दिलेला असतो, तुला देवाणघेवाणीसाठी आणायला दिलेला नसतो. पण डीएस-२०१९ वर, म्हणजे जे-वनसाठी विद्यापीठ देते त्या कागदावर, पैशाचा रकाना असतो त्यात काय लिहिलं जाणार ते आधी विचार.

परत_आलो_२०१४

वरच्या ताईंनी फेलोशिपचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. मी तेच केलं होतं.

मी रसायनशास्त्राचा, लक्ष्मीनारायणमधून शिकलो. सरकारी फेलोशिप घेऊन जे-वनवर गेलो, खूप मान वाटला होता, पेपरात फोटो आला होता. सही करताना अटीचा कागद वाचला नाही असं नाही, वाचला, पण वाटलं दोन वर्षांनी यायचंच आहे. मग काम रंगलं, तिथल्या प्रोफेसरांनी पक्की जागा देतो म्हटलं, अन् तेव्हा पासपोर्टमधला व्हिसा उघडून पाहिला तर खाली बारीक अक्षरात दोन वर्षांची ओळ. अटीतून माफीसाठी आपल्या सरकारची ना-हरकत लागते. मला तेव्हा राज्य सरकारच्या एका खात्याचं, दिल्लीच्या एका मंत्रालयाचं अन् पासपोर्टवाल्यांचं अशी वेगवेगळी पत्रं गोळा करावी लागली. माझे वडील तेव्हा ६८ वर्षांचे. मी तिकडे, ते इकडे फाईल घेऊन फिरायचे. हिवाळी अधिवेशनासाठी सगळे साहेब नागपुरात येतात म्हणून त्यांनी डिसेंबरची वाट पाहिली अन् थंडीत सिव्हिल लाइन्सला सकाळपासून उभे राहायचे, एका कापडी पिशवीत माझ्या पदव्यांच्या झेरॉक्स. अन् शेवटी ज्यानं फेलोशिप दिली होती त्यांनीच ना-हरकत नाकारली. त्यांचंही चूक नव्हतं, पैसे त्यांनी याच अटीवर दिले होते.

मी परत आलो, इथे कॉलेजात शिकवतो, पोरं चांगली आहेत, मी सुखी आहे. पण वडिलांना त्या थंडीत उभं केलं ते मला अजून लागून आहे. तुम्ही त्या अर्जावर सही करायच्या आधी हे वाचलं असावं म्हणून लिहिलं.

अन् वर्धारोडवाले भाऊ, तुमची कळकळ समजते. पण हा माणूस शिकून आणायला चालला आहे. वंध्य पतंग तयार करायचं काम वाचून येत नाही, ते हातानं शिकावं लागते.

जेटू_होते_मी

बायकोच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते, मी तीन वर्षं जे-टूवर, म्हणजे जे-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, होते.

तुमच्या घरासाठी तर जे-वन एच-वन-बीपेक्षा बरं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एच-वन-बीच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो अन् त्यावर काम करता येत नाही, सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्यानं केलेला अर्ज, आय-१४०, मंजूर झाला तरच परवाना, अन् ते कितीतरी पुढचं. जे-टूवर मात्र तिथे पोचल्यावर लगेच वर्क परमिटचा अर्ज करता येतो. आय-७६५ फॉर्म, ऑनलाइन भरला तर ४७० डॉलर लागायचे, आताची फी पाहून घ्या. सोबत एक पत्र द्यायचं की माझ्या कमाईवर नवऱ्याचा खर्च चालणार नाही, ती घरच्या इतर गरजांसाठी, फिरण्यासाठी, शिक्षणासाठी आहे. मी त्या पत्रात महिन्याचा हिशोब लिहिला होता, घरभाडं इतकं, किराणा इतका, हे सगळं त्याच्या पगारात भागते, अन् माझ्या पगारातून मुलाचे पोहण्याचे क्लास.

पण वर्क परमिटचं कार्ड हातात येईपर्यंत महिने जातात. माझं पाचव्या महिन्यात आलं. ते पाच महिने फार कठीण गेले, खरं सांगते. नागपुरात सकाळी साडेआठला टिफिन भरून बस पकडणारी मी, तिथे खिडकीत बसून पार्किंग पाहायची. बायकोला हे आधी सांगा, अन् तिच्या कंपनीत राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का ते विचारा.

अन् विमा नीट पहा. जे-वन, जे-टू सगळ्यांना विमा सक्तीचा आहे, एका आजारपणाला कमीत कमी एक लाख डॉलरचं संरक्षण पाहिजे. विद्यापीठ तुमचा देईल, बायको-मुलीचा हप्ता बहुतेक पगारातून कापतील. तो किती ते विचारल्याशिवाय ६२ हजारांत भागेल की नाही कळणार नाही.

कपाशीवाला_हिंगणघाट

काय बोलू. काल रात्री बायकोला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. परत_आलो दादा, तुमच्या वडिलांचं वाचताना तिला पुढे ऐकवेना, मलाही वाचवेना. फेलोशिपचा अर्ज मी टाकत नाही, साहेबांना आज सकाळी भेटून सांगितलं, ते थोडे नाराज झाले पण कारण समजावल्यावर म्हणाले मला हे माहीत नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. बायको म्हणते कार्ड येईपर्यंत मी मिहानच्याच कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर करते, पगार इथल्या खात्यात जमा होईल, मग काय हरकत? अन् दुसरं, समजा तीनच्या जागी एकाच वर्षात ग्रँट संपली अन् मी परत आलो, तर पुन्हा जे-वनवर जाता येते ना?

धरमपेठची_लेक

वहिनींना सांग की तसं करायचं नाही. पगार कुठल्या खात्यात पडतो याला महत्त्व नाही, त्या बसून काम कुठे करताहेत याला आहे. काही लोक करतात, काही होत नाही असं सांगणारेही भेटतील, पण उद्या एखाद्या फॉर्मवर परवान्याशिवाय काम केलं का असा प्रश्न आला की काय लिहिणार. तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय लॅपटॉप उघडू नका.

दुसरा प्रश्न फार चांगला विचारलास, यात लोक अडकतात. रिसर्च स्कॉलर म्हणून जे-वनची कमाल मुदत पाच वर्षं. पण प्रोग्रॅम संपवून बाहेर पडलास की, मग तो एका वर्षातच का संपेना, पुढचे २४ महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर म्हणून येता येत नाही. उरलेली चार वर्षं शिल्लक राहत नाहीत. म्हणून ग्रँट आटायला लागली असं दिसलं तर प्रोग्रॅम संपायच्या आधी दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर मागायची, ती होते. वाट पाहत बसायचं नाही. प्रोग्रॅम संपल्यावर तिथे थांबायला जे-वनवाल्याला ३० दिवस मिळतात, नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्याला साठपर्यंत. अन् एच-वन-बीवाल्याला मुदतीआधी काढलं तर परतीच्या तिकिटाचा खर्च नोकरी देणाऱ्यावर असतो, जे-वनवाल्यासाठी तसा नियम नाही, म्हणून तिघांच्या परतीचे पैसे बाजूला ठेवूनच निघ.

एक गोष्ट जे-वनमध्ये चांगली, पहिल्या दोन कॅलेंडर वर्षांत सहसा सोशल सिक्युरिटी अन् मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापत नाहीत. ६२ हजारांवर ते वर्षाला साडेचार हजारांच्या वर होतात, विम्याच्या हप्त्याला कामी येतील. अन् एक वाईट, जे-वनवर टेन्युअर-ट्रॅकच्या, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकाच्या, जागेसाठी उमेदवार म्हणून येता येत नाही. तुझं पद तसं नाही, पण नेमणूक पत्रात चुकून तसा शब्द आला तर डीएस-२०१९ अडेल. पत्र मला नको पाठवू, त्यांच्याच इंटरनॅशनल ऑफिसला दाखव. प्रोफेसरांना नको विचारू हे सगळं, त्यांना यातलं माहीत नसते, ते बिचारे त्यांना वाटते ते सांगतात. विद्यापीठात एक ऑफिस फक्त यासाठी असते, त्यांना मेलवर विचार अन् उत्तर मेलवरच घे.

परत_आलो_२०१४

इंटरव्ह्यूचं थोडं. नागपुरात काहीच होत नाही, बोटांचे ठसे अन् फोटोसाठी एक दिवस अन् इंटरव्ह्यूसाठी एक दिवस मुंबईला जावं लागेल, दोन्ही लागून मिळाले तर एका खेपेत होते. विदर्भनं किंवा दुरांतोनं जा पण आदल्या दिवशी पोचा, त्याच सकाळच्या गाडीवर विसंबू नका, मुलगी सोबत राहील. सेव्हिसची, म्हणजे तिकडच्या सरकारच्या नोंदणीची, फी २२० डॉलर अन् व्हिसाची १८५, पावत्यांचे प्रिंट ठेवा. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतले सोशल मीडियाचे सगळे अकाउंट लिहायचे अन् जे-वनवाल्यांना ते पब्लिक ठेवायला सांगतात, जुनं बंद पडलेलं अकाउंट पण लिहा.

अन् तुमचा विषय जीवशास्त्रातला आहे म्हणून सांगतो, आमच्या एका विद्यार्थ्याला इंटरव्ह्यूत एक रंगीत कागद हातात दिला, तपासणी चालू आहे म्हणून, अन् सात आठवडे पासपोर्ट परत आला नाही. त्यानं घरभाड्याचा करार रद्द करून ठेवला होता अन् सामान भावाकडे. विषय काय, कोणत्या किडीवर काम, त्याचा उपयोग काय, हे एका पानावर साध्या भाषेत लिहून न्या, बायोडाटा अन् प्रोफेसरांचं पत्र सोबत. शिक्का हातात पडेपर्यंत मनीषनगरचं घर सोडू नका, वहिनींचा राजीनामा देऊ नका, मुलीच्या शाळेतून नाव काढू नका.

वर्धारोड_वाला

मी वर जाऊच नका लिहिलं होतं. दादांचं वाचून बोलतो, जा. पण तिथलं जे शिकाल ते इथल्या भाषेत लिहीत राहा. आमच्या सावनेरकडच्या वावरात यंदाही ऑक्टोबरमध्ये डोमकळ्या, म्हणजे बोंडअळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या, तोडून तोडून जाळल्या.

कपाशीवाला_हिंगणघाट

वर्धारोडवाले भाऊ, डोमकळ्यांचे फोटो असतील अन् तारीख, वाण आठवत असेल तर मला मेसेज करा, खरंच पाहिजेत, मी नोंद ठेवून राहिलो आहे.

मेल पाठवला. धरमपेठच्या ताईंनी म्हटलं तसं थेट इंटरनॅशनल ऑफिसला, प्रोफेसरांना प्रत. मराठीत लिहून पाहिलं, मग इंग्रजी केलं. असं होतं:

“डीएस-२०१९ वर माझ्या पगाराचा स्रोत काय लिहिला जाईल अन् त्यामुळे दोन वर्षांची अट लागेल का, ते कळवावे. पहिला डीएस-२०१९ एक वर्षाचा असेल की तीन वर्षांचा? ग्रँट मधेच संपल्यास किती दिवस आधी कळवाल? पत्नी अन् मुलीच्या विम्याचा महिन्याचा हप्ता किती? अन् मी आत आल्यावर, काम समाधानकारक असल्यास, स्टेटस बदलून एच-वन-बी करण्याबाबत डिपार्टमेंटचं धोरण काय आहे?”

दोन दिवसांनी उत्तर आलं. स्रोत प्रोफेसरांची ग्रँट अन् विद्यापीठाचा निधी, अट लागेल असं त्यांना वाटत नाही, व्हिसावर चुकून तसं लिहून आलं तर परराष्ट्र खात्याकडून लेखी मत मागवायला ते मदत करतील. डीएस-२०१९ पहिल्यांदाच तीन वर्षांचा देतो म्हणाले. ग्रँटबद्दल ९० दिवस आधी कळवू असं प्रोफेसरांनी स्वतः खाली लिहिलं. विम्याचा आकडा ऐकून बायको गप्प झाली, मग वहीत मांडून पाहिलं, बसते. एच-वन-बीबद्दल म्हणाले आत्ता शब्द देऊ शकत नाही, दीड वर्षानं डिपार्टमेंट विचार करेल. बाबांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले शब्द देऊ शकत नाही असं सांगणारा माणूस बरा.

मुंबईची तारीख मिळाली की इथेच लिहितो. ताई, तो डीएस-२०१९ पीडीएफमध्ये आला आहे, कुठल्या पेननं सही करायची, निळ्या की काळ्या?

धरमपेठची_लेक

निळ्या. अन् सही करायच्या आधी तिघांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर-अक्षर पहा, मुलीचंही.